तपकिरी रंगाची साक्ष

कॅन्सरवरचा किंवा मेंदूवरचा कुठलाही शोधनिबंध उघडा. तिसऱ्या-चौथ्या आकृतीत एक चित्र हमखास भेटतं. निळसर-जांभळ्या ठिपक्यांची गर्दी आणि तिच्यावर तपकिरी डाग. खाली ओळ असते : अमुक प्रथिनाचं प्रमाण ट्यूमरमध्ये वाढलेलं दिसतं, प्रातिनिधिक चित्र. शेजारी स्तंभालेख आणि त्याच्या डोक्यावर दोन-तीन तारे. वाचणारा मान डोलावतो आणि पुढच्या आकृतीकडे वळतो.

पॉडकास्टमध्ये अँटीबॉडींबद्दल बोलताना या चित्राचा विषय निघाला होता आणि वेळ संपल्यामुळे तिथेच राहिला. आपल्या ऐकणाऱ्यांत लॅबमध्ये काम करणारे बरेच आहेत, आणि ज्यांचा लॅबशी काही संबंध नाही त्यांच्याही घरी कधीतरी असा एखादा रिपोर्ट येतोच. म्हणून इथे जरा सावकाश लिहिते. माझी तक्रार त्या रंगाबद्दल नाहीच. आपण त्या रंगाला जे प्रश्न विचारतो, त्यांबद्दल आहे. 'हे प्रथिन कुठे आहे?' या प्रश्नाला तो फार चांगलं उत्तर देतो. 'किती आहे?' असं विचारलं की अडखळतो. आणि 'हे नक्की तेच प्रथिन आहे का?' असं विचारलं तर त्याच्याजवळ स्वतःचं काही उत्तरच नसतं, ते दुसरीकडून आणावं लागतं. गंमत अशी की हल्ली आपण त्याला बहुतेक वेळा दुसरा प्रश्न विचारतो आणि तिसरा विचारायचं विसरतो.

आधी हा रंग येतो कुठून ते बघू. वांगं चिरून तसंच ठेवलं की थोड्या वेळात काळं पडतं, म्हणून घरोघरी फोडी पाण्यात टाकतात. चिरताना पेशी फुटतात, आतलं एक एन्झाइम रंगहीन फेनॉल संयुगांचं हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीनं ऑक्सिडीकरण करतं, आणि त्या संयुगांच्या साखळ्या जुळून तपकिरी पदार्थ तयार होतो. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, बोलीभाषेत आयएचसी, ही याच जातीची रसायनक्रिया आहे. पातळ कापलेल्या ऊतीवर, म्हणजे तीन-चार मायक्रॉन जाडीच्या चकतीवर, आपल्याला हव्या त्या प्रथिनाला चिकटणारी एक अँटीबॉडी सोडायची. तिला चिकटणारी दुसरी अँटीबॉडी सोडायची, जिच्या शेपटीला एक एन्झाइम बांधलेलं असतं. हे एन्झाइम बहुतेकदा हॉर्सरॅडिशच्या मुळातून काढलेलं पेरॉक्सिडेज. हॉर्सरॅडिश हा आपल्या मुळ्याचा युरोपातला भाऊबंद. इथे रोस्ट बीफबरोबर जी नाकात जाणारी पांढरी चटणी देतात, ती त्याचीच. मग वरून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि डायअमिनोबेंझिडीन घालायचं. लॅबमध्ये त्याला सगळे नुसतं 'डॅब' म्हणतात. जिथे एन्झाइम, तिथे डॅबचं ऑक्सिडीकरण होऊन न विरघळणारा तपकिरी थर साचतो. रंग अगदी नाकात ओढायच्या तपकिरीचा. मराठीनं या रंगाचं नावच तिथून घेतलंय.

वांग्याची उपमा मी मुद्दाम दिली. काळ्या पडलेल्या फोडीकडे बघून तिच्यात एन्झाइम किती होतं हे तुम्ही सांगू शकाल का? फोड पाच मिनिटं ठेवली होती की अर्धा तास, स्वयंपाकघरात उकाडा होता की गारवा, वांगं कोवळं होतं की जून, हे कळल्याशिवाय नाही. डॅबचं तेच. एकच एन्झाइम रेणू डॅबचे कितीतरी रेणू एकापाठोपाठ बदलत राहतो. हीच या पद्धतीची ताकद आहे, कारण त्यामुळे थोडंसं प्रथिनही डोळ्याला दिसतं. आणि तिची अडचणही हीच आहे.

या रंगाचा जन्म तसा जुना. अल्बर्ट कून्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली अँटीबॉडीला चमकणारा रेणू जोडून दाखवला. पण फ्लुओरेसन्स बघायला अंधारी खोली आणि खास मायक्रोस्कोप लागतो, चमक हळूहळू विझते, आणि आजूबाजूच्या ऊतीची ठेवण नीट दिसत नाही. पॅथॉलॉजिस्टला तर ठेवणच बघायची असते. १९६६ मध्ये नाकाने आणि पिअर्स यांनी अँटीबॉडीला एन्झाइम जोडलं, आणि त्याच वर्षी ग्रॅहम आणि कार्नोव्स्की यांनी उंदराच्या मूत्रपिंडात पेरॉक्सिडेज दाखवण्यासाठी डॅब वापरलं. दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर साध्या मायक्रोस्कोपखाली, नेहमीच्या उजेडात, प्रथिनं दिसायला लागली. डॅबचा थर अल्कोहोलमध्ये विरघळत नाही, झायलीनमध्येही नाही, त्यामुळे स्लाइड कायमची बंद करून ठेवता येते. लाल रंग देणाऱ्या एईसी या रसायनाचं तसं नाही, ते अल्कोहोलमध्ये वाहून जातं. वीस वर्षांपूर्वीची डॅबची स्लाइड आज काढून बघता येते. लॅबमध्ये ज्यानं फ्लुओरेसन्सच्या विझत जाणाऱ्या स्लाइडी घाईघाईनं टिपल्या आहेत, त्याला याची किंमत कळेल.

आणखी एक अडथळा होता, फॉर्मालिनचा. हॉस्पिटलमधली प्रत्येक गाठ फॉर्मालिनमध्ये मुरवून मेणात बसवतात. फॉर्मालिन प्रथिनांना एकमेकांशी टाचून टाकतं, आणि अँटीबॉडीला जिथे चिकटायचं ती जागाच झाकली जाते. १९९१ मध्ये शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्लाइड द्रावणात बुडवून मायक्रोवेव्हमध्ये उकळल्या तर झाकलेल्या जागा पुन्हा उघडतात. आज कित्येक लॅबमध्ये या कामासाठी चक्क स्वयंपाकाचा प्रेशर कुकर असतो. या एका उकळीमुळे जगभरच्या हॉस्पिटलांतल्या कपाटांतले जुने मेणाचे ब्लॉक अचानक बोलके झाले.

हे सगळं मी कौतुकानं लिहितेय. लिम्फ नोडमध्ये हजारो पेशींच्या गर्दीत लपलेल्या चार-पाच कॅन्सर पेशी केराटिनच्या अँटीबॉडीनं तपकिरी होऊन अशा समोर येतात की आधी त्या दिसल्या नव्हत्या यावर विश्वास बसत नाही. लिम्फोमा बी पेशींचा की टी पेशींचा, हे ठरवायला याच्याइतकं सोपं आणि स्वस्त साधन दुसरं क्वचितच असेल. इथे प्रश्न 'कुठे' आणि 'कोणत्या पेशीत' असाच आहे, आणि रंग चोख उत्तर देतो.

आता त्या रंगाच्या नसण्याबद्दल. माझ्या मते आयएचसीमधला सगळ्यात धोकादायक निकाल म्हणजे स्वच्छ, निळी, डाग नसलेली स्लाइड. तपकिरी डाग चुकीचा असू शकतो. लाल रक्तपेशींत आणि काही पांढऱ्या पेशींत स्वतःचंच पेरॉक्सिडेज असतं, ते आधी बंद केलं नाही तर तेही रंगतं. यकृतात आणि मूत्रपिंडात बायोटिन असतं, ते बायोटिनवर चालणाऱ्या जुन्या पद्धतींना फसवतं. मेलॅनिन तर मुळातच तपकिरी, म्हणून त्वचेच्या मेलॅनोमात पुष्कळजण लाल रंगाचं रसायन घेतात. पण या चुका डोळ्यांना दिसतात, निदान शंका तरी येते. रंग आलाच नाही तर शंका येण्यासारखं समोर काहीच नसतं. प्रथिन नसेल तर स्लाइड निळी. फॉर्मालिनमध्ये उशिरा टाकलं तर निळी. कुकर पुरेसा तापला नाही, अँटीबॉडी शिळी झाली, पेरॉक्साइड जुनं निघालं, तरी निळीच.

याचा अर्थ काय होतो ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात दिसलं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये इस्ट्रोजेन रिसेप्टर, म्हणजे ईआर, आहे की नाही हे आयएचसीनं बघतात. असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनविरोधी औषधं देतात. पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेननं पुढच्या १५ वर्षांतले या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. सेंट जॉन्समधल्या लॅबमध्ये १९९७ ते २००५ या काळात झालेल्या तपासण्यांपैकी बऱ्याच 'निगेटिव्ह' होत्या. २००५ मध्ये नव्या यंत्रावर एका रुग्णाची तपासणी पुन्हा केली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. मग आणखी काही केल्या. मग जुने नमुने टोरंटोच्या माउंट सायनाय हॉस्पिटलकडे गेले. साडेतीनशेहून जास्त रुग्णांचे निगेटिव्ह निकाल चुकीचे निघाले. त्यांतल्या शंभरावर तोवर वारल्या होत्या. औषध मिळालं असतं तर त्यांतल्या किती जगल्या असत्या हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि त्यांच्या घरच्यांना आयुष्यभर हेच विचारत बसावं लागणार.

न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल मार्च २००९ मध्ये आला. त्यात ६० शिफारशी आहेत. आयएचसी करणाऱ्या प्रत्येकानं त्याची थोडी तरी पानं वाचावीत असं मला वाटतं, कारण त्यात कुणी एक खलनायक सापडत नाही. सापडतात त्या रोजच्या गोष्टी : गुणवत्ता तपासायची शिस्त नाही, फॉर्मालिनमध्ये मुरवण्याचा ठरलेला नियम नाही, शिकलेली माणसं सोडून जातायत, आणि चूक कळावी अशी व्यवस्थाच नाही. यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. स्तनाच्या ऊतीत ट्यूमरच्या शेजारी सहसा थोड्या निरोगी नलिका असतात. त्यांच्या काही केंद्रकांत ईआर असतोच. म्हणजे त्या रंगल्या पाहिजेत. त्या निळ्या असतील तर ट्यूमर निळा आहे याला काही अर्थ उरत नाही, तपासणीच फसलीय. तज्ज्ञांनी जुन्या स्लाइडी बघितल्या तेव्हा हा आतला पुरावा फसल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे काही ठिकाणी उत्तर त्याच काचेवर, मिलिमीटरभर अंतरावर होतं.

हॉस्पिटलांच्या लॅब यातून बऱ्याच सुधारल्या. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या आणि पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनी नियम घातले : गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मालिनमध्ये, मुरवणं ६ ते ७२ तास, आणि १ टक्का केंद्रकं रंगली तरी पॉझिटिव्ह. डेन्मार्कमधला नॉर्डिक्यूसी हा उपक्रम २००३ पासून लॅबांना एकसारखे नमुने पाठवतो आणि रंगवून आलेल्या स्लाइडी तपासतो. तिथेही २० ते ३० टक्के स्लाइडी अपुऱ्या ठरतात, आणि त्यांतल्या बहुतेक फिकट पडलेल्या किंवा कोऱ्या असतात. आकडा काळजीचा आहे. पण तो आकडा आहे, कुणीतरी मोजतंय.

संशोधनाच्या लॅबमध्ये हे कोण मोजतं? कुणीच नाही. आमच्या स्लाइडच्या दुसऱ्या टोकाला रुग्ण नसतो, त्यामुळे चौकशी आयोगही बसत नाही. निबंधाच्या पद्धती-विभागात एक ओळ असते, 'प्रचलित पद्धतीनुसार रंगवलं, अँटीबॉडी १:२००'. कुठला क्लोन, किती वेळ उकळलं, डॅब किती मिनिटं ठेवलं, काहीच नाही. मी पाहिलेल्या एका लॅबमध्ये नवी अँटीबॉडी आली की तिची परीक्षा म्हणजे कंपनीच्या पत्रकातल्या चित्रासारखं चित्र येतं का, एवढीच. पत्रकातलं चित्र कशावरून बरोबर, हे विचारणारा पोस्टडॉक वेळ घालवतोय असं मानलं जायचं.

याची किंमत बघायची असेल तर इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटाची गोष्ट आहे. ईआरचा हा दुसरा भाऊ १९९६ मध्ये स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेत सापडला. पुढची वीस वर्षं त्याच्यावर निबंधांचा पाऊस पडला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो आहे, तो असणं चांगलं लक्षण, नाही, वाईट लक्षण, असं सगळं छापून आलं, आणि त्यातला मोठा भाग तपकिरी स्लाइडींवर उभा होता. २०१७ मध्ये स्वीडनमधल्याच संशोधकांनी नेचर कम्युनिकेशन्समध्ये १३ अँटीबॉडींची परीक्षा प्रसिद्ध केली. आयएचसीमध्ये खरोखर याच प्रथिनाला चिकटणारी त्यांना एकच सापडली, पीपीझेड०५०६ नावाची, आणि तीही फारशी कुणी न वापरलेली. तिनं बघितलं तर वृषणात, अंडाशयात, लसिका पेशींत प्रथिन दिसलं. स्तनाच्या ऊतीत, निरोगी किंवा कॅन्सरच्या, त्याचा पुरावा मिळाला नाही.

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं तीच पीपीझेड०५०६ आणि आणखी एक पारखलेली अँटीबॉडी घेतली, रंगवण्याची पद्धत नव्यानं बसवली, आणि जाहीर केलं की स्तनाच्या ऊतीत हे प्रथिन आहे. अँटीबॉडी तीच, उत्तर उलटं. आता दोघांत खरं कोण, यावर मला इथे निकाल द्यायचा नाही. मला त्यातून एवढं दिसतं की 'चांगली अँटीबॉडी' ही बाटलीत मिळणारी वस्तू नाही. अँटीबॉडी, उकळणं, डॅबची मिनिटं, ऊतीची जात या सगळ्यांची मिळून एक तपासणी होते, आणि पारख त्या अख्ख्या तपासणीची करावी लागते. जीन काढून टाकलेली पेशी रंगते का, वेगळ्या जागी चिकटणारी दुसरी अँटीबॉडी तेच सांगते का, आरएनएचं प्रमाण जुळतं का, असं पाच बाजूंनी तपासायचा प्रस्ताव २०१६ मध्ये मांडला गेलाय. २०२३ मध्ये वायकॅरोस या गटानं ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटीबॉडी बारकाईनं तपासल्या, आणि प्रत्येक प्रथिनामागे सरासरी डझनभर निबंधांत चुकीची अँटीबॉडी वापरली गेल्याचं त्यांना आढळलं. हे काम मोठं आहे. पण त्या परीक्षेत मेणात बसवलेल्या ऊतीवरची आयएचसी नव्हती. म्हणजे जिथे फॉर्मालिन आणि कुकरचा खेळ सगळ्यात जास्त, तो कोपरा अजून अंधारातच आहे.

आता 'किती'कडे वळते, कारण माझा राग तिथे जास्त आहे. तपकिरी चित्र इमेजजेमध्ये टाकायचं, २००१ मध्ये रूफ्रोक आणि जॉन्स्टन यांनी मांडलेल्या युक्तीनं निळा आणि तपकिरी वेगळे करायचे, तपकिरीची घनता काढायची आणि स्तंभालेख. ही युक्ती हुशार आहे, आणि 'किती टक्के पेशी रंगल्या' हे मोजायला चांगली आहे. पण रंगाच्या गडदपणावरून प्रथिनाचं प्रमाण काढायचं, तर प्रकाश शोषला जाण्याचा बिअर-लँबर्ट नियम लागू असावा लागतो. डॅबचा थर नुसता शोषत नाही, प्रकाश विखुरतो. गडद होत गेला की नियम मोडतो. त्यात वांग्याची अडचण आहेच : वेळ, तापमान, एन्झाइमचा थकवा. एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये रंगवलेल्या स्लाइडींमध्ये जास्त-कमी म्हणणं मी समजू शकते. वेगवेगळ्या महिन्यांत रंगवलेल्या दोन गटांत '१.४ पट वाढ' छापून आली की ती ०.४ नक्की कशाची, असा प्रश्न मला पडतो.

एच-स्कोअरची तऱ्हा आणखी वेगळी. फिकट पेशींच्या टक्क्याला १ नं, मध्यमला २ नं, गडदला ३ नं गुणायचं, बेरीज ० ते ३०० मध्ये येते. म्हणजे सगळ्या पेशी फिकट असतील तर १००, आणि फक्त एक तृतीयांश पेशी गडद, बाकी कोऱ्या, तरी जवळपास १००. जीवशास्त्राच्या दृष्टीनं हे दोन ट्यूमर वेगळेच आहेत. शिवाय फिकट, मध्यम आणि गडद यांच्यातल्या पायऱ्या सारख्या आहेत असं कुणी सांगितलं? हर-२ या रिसेप्टरचे नेहमी दिले जाणारे ढोबळ आकडे बघा. ० गुण मिळालेल्या पेशीवर साधारण २० हजार रेणू, १+ वर लाखभर, २+ वर पाचेक लाख, ३+ वर २० लाखांच्या वर. प्रत्येक पायरी आधीच्या पाचपट. आणि पहिली ओळ पुन्हा वाचा. शून्य म्हणजे शून्य नाही. शून्य म्हणजे रंग दिसला नाही.

या शेवटच्या वाक्यावर सध्या खऱ्या माणसांचे उपचार अवलंबून आहेत. हर-२ ची आयएचसी तपासणी अमेरिकेत सप्टेंबर १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब या औषधाबरोबर मान्य झाली. काम एकच होतं : ज्यांच्यात हे प्रथिन प्रचंड वाढलंय ते ट्यूमर शोधायचे. २० लाख विरुद्ध २० हजार. त्या कामाला ती उत्तम आहे. पण २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या नव्या औषधाची डेस्टिनी-ब्रेस्ट०४ ही चाचणी प्रसिद्ध झाली. ज्यांना आजवर निगेटिव्हच म्हटलं जायचं, त्या १+ आणि काही २+ रुग्णांनाही औषधाचा फायदा झाला. जगण्याचा मध्य १६.८ महिन्यांवरून २३.४ महिन्यांवर गेला. बातमी मोठी आणि चांगली. पण एका रात्रीत ० आणि १+ मधल्या रेषेला जीवनमरणाचं महत्त्व आलं, आणि ती रेषा ओळखायला ही तपासणी बनवलेलीच नव्हती. त्याच वर्षी आलेल्या एका अभ्यासात १८ पॅथॉलॉजिस्टांनी १७० नमुने वाचले. २+ की ३+ यावर त्यांचं एकमत ५८ टक्के, ० की १+ यावर २६ टक्के. हा अभ्यास येल विद्यापीठातल्या ज्या गटाचा आहे तो स्वतः मोजणीच्या पर्यायी पद्धतींवर काम करतो, हे लक्षात ठेवूनही २६ हा आकडा बोलका आहे. यात पॅथॉलॉजिस्टांचा दोष काढू नका. फिकट तपकिरी आणि काहीच नाही यांच्यातला फरक डोळ्यांनी सांगा, असं आपणच त्यांना सांगितलंय.

पुढे काय झालं? रेषा आणखी खाली नेली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत हे औषध 'अल्ट्रालो' रुग्णांनाही मान्य झालं, म्हणजे ज्यांच्यात १० टक्क्यांपर्यंत पेशींच्या कडेला जेमतेम दिसेल असा रंग आहे. डेझी नावाच्या चाचणीत तर ० गुणांच्या रुग्णांपैकीही जवळपास ३० टक्क्यांच्या गाठी औषधानं लहान झाल्या. वर दिलेले २० हजार रेणू आठवले तर यात नवल वाटू नये. औषध रेणू शोधतं, पॅथॉलॉजिस्ट रंग शोधतो. ज्या टोकाला रंग संपतो पण रेणू संपत नाहीत, तिथे आपण उपचाराची सीमा आखून बसलोय. मोजणीच्या वेगळ्या पद्धती आहेत, नियंत्रित फ्लुओरेसन्स, मास स्पेक्ट्रोमेट्री, आरएनए. त्या महाग आहेत आणि हॉस्पिटलांच्या रोजच्या कामात रुळलेल्या नाहीत, हे मान्य. पण औषधाच्या चाचणीवर होणाऱ्या खर्चापुढे तपासणी नव्यानं बसवण्याचा खर्च मोठा आहे, हे मला पटत नाही. जुनी तपासणी तयार होती, म्हणून तीच ताणली.

परदेशात जीवशास्त्रात पीएचडी केलेल्या कुणालाही ठाऊक असलेला एक प्रसंग असतो. रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ येतं. सांगलीची मावशी, नाहीतर मावशीच्या जावेची मुलगी. 'तू डॉक्टर आहेस ना, जरा बघ ना.' आपण तसले डॉक्टर नाही हे सांगून झालेलं असतं, त्याचा उपयोग नसतो. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर, हर-२ आणि त्यांच्यापुढे अधिक-उणे. उपचारांबद्दल आपण तोंड उघडू नये, ते त्यांच्या डॉक्टरांचं काम. पण काही साधे प्रश्न नातेवाइकांनी विचारावेत इतपत आपण नक्की सांगू शकतो. हर-२ पुढे २+ असेल तर तो निकाल नाही, पुढची फिश तपासणी व्हायची आहे. ईआर निगेटिव्ह असेल तर आतला कंट्रोल, म्हणजे त्या निरोगी नलिका, रंगल्या होत्या का असं विचारता येतं. चांगले रिपोर्ट ते लिहितातच. गाठ फॉर्मालिनमध्ये कधी टाकली हेही विचारता येतं. मोठी गाठ अख्खीच्या अख्खी छोट्या बरणीत थोड्याशा फॉर्मालिनमध्ये बुडवली तर ते आतपर्यंत पोचायला फार वेळ लागतो, तोवर मधला भाग खराब होतो. लहान गावातल्या ऑपरेशननंतर हे घडणं काही अशक्य नाही.

आणि ब्लॉक मागून घ्यायचा. दुसरं मत घ्यायला मुंबईला टाटाला जाणारे लोक पिशवीतून स्लाइडी आणि मेणाचे ब्लॉक नेतात. हातात दोन्ही असले तर बरं, पण जपायचा तो ब्लॉक. रंगवलेली स्लाइड म्हणजे एका दिवशी, एका लॅबमध्ये, एका बाटलीतल्या अँटीबॉडीनं दिलेलं उत्तर. ब्लॉकमधून नवी चकती कापून प्रश्न पुन्हा विचारता येतो. न्यूफाउंडलंडच्या बायकांची तपासणी टोरंटोत पुन्हा होऊ शकली, ती त्यांचे ब्लॉक आठ-आठ वर्षांनंतरही कपाटात होते म्हणून.